व्हॅलेरियन घरच्या बागेत: रोप आणण्यापासून मुळाचा चहा होईपर्यंत

युरोपात राहायला आलं की व्हॅलेरियनशी, म्हणजे झोपेसाठी ज्याचं मूळ वापरतात त्या औषधी झाडाशी, कधी ना कधी गाठ पडतेच. जर्मनीत त्याला बाल्ड्रियान म्हणतात आणि तिथल्या कुठल्याही ड्रगस्टोअरमधे गोळ्या, थेंब, चहाच्या पुड्या अशा सगळ्या रूपात ते मिळतं, इकडे इंग्लंडमधे हेल्थ फूडच्या दुकानात झोपेची औषधं ठेवलेल्या शेल्फवर हमखास दिसतं. पण ते झाड कसं असतं, फूल कधी येतं, गोळीत नेमका कुठला भाग जातो हे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला तर गोळ्यांपेक्षा झाडच जास्त आवडतं, छातीएवढं किंवा त्याहून उंच वाढतं, जूनमधे पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या तुऱ्यांनी भरतं आणि संध्याकाळी त्याच्या बाजूने नुसतं चालत गेलं तरी व्हॅनिलाच्या जवळ जाणारा गोड वास येतो.

माझी अलॉटमेंट (बागकामासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) इंग्लंडमधे आहे त्यामुळे खाली जे महिने दिलेत ते इथल्या हवेचे आहेत. जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेचा थंड भाग, कॅनडा इथल्या मंडळींनी आपापल्या शेवटच्या हिमदंवाच्या तारखेप्रमाणे दोन-तीन आठवडे पुढेमागे करून घ्या. आणि सुरुवातीलाच सांगते, हे दोन वर्षांचं काम आहे. या वसंतात लावलं तर मुळं काढायची ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. ज्यांना पुढच्या आठवड्यात चहा हवाय त्यांनी खुशाल दुकानातून आणावा, पण ज्यांना झाड वाढवायचंय त्यांच्यासाठी हे फार गुणी आणि न रडवणारं झाड आहे.

सगळ्यात आधी: नक्की कुठलं झाड?

ही पायरी वगळू नका, कारण गोंधळ इथेच होतो आणि यातला एक गोंधळ जिवावर बेतणारा आहे.

आपल्याला हवंय ते व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिस. नर्सरीत गेलात की लेबलवर हे पूर्ण शास्त्रीय नाव आहे का ते बघा, नुसतं 'व्हॅलेरियन' लिहिलं असेल तर घेऊ नका. इंग्लंडमधे, खास करून समुद्राकाठच्या गावांत, जुन्या दगडी भिंतींवर आणि रेल्वेच्या कडेला गडद गुलाबी फुलांचं एक झाड उन्हाळाभर फुललेलं दिसतं, त्याला लोक रेड व्हॅलेरियन म्हणतात, पण ते सेंट्रँथस रूबर, वेगळंच झाड. दिसायला छान, फुलपाखरांना आवडतं, पण ज्या मुळासाठी आपण हा खटाटोप करतोय ते त्याच्यात नाही. त्याची पानं अख्खी, गुळगुळीत, निळसर झाक असलेली असतात. आपल्या व्हॅलेरियनचं पान पिसासारखं कापलेलं, एका देठावर दोन्ही बाजूंना पातींच्या जोड्या, कडा दातेरी, आणि खोडावर पानं समोरासमोर येतात. हे समोरासमोर लक्षात ठेवा.

का, तर युरोपात ओढ्याकाठी, ओलसर जागी पांढऱ्या फुलांची इतरही उंच झाडं असतात आणि त्यात हेमलॉक आणि हेमलॉक वॉटर-ड्रॉपवर्ट ही दोन प्राणघातक विषारी आहेत. हेमलॉकच्या खोडावर जांभळट डाग असतात, पानं एकाआड एक येतात, फुलोरा बडीशेपेच्या कुळातल्या छत्रीचा. वॉटर-ड्रॉपवर्टच्या तर मुळांतच सगळ्यात जास्त विष असतं. व्हॅलेरियनलाही ओलसर जागाच आवडते, म्हणजे ही सगळी एकाच नाल्याच्या काठावर उभी असू शकतात. त्यामुळे माझं ठाम मत, रानातून मुळं खणून आणायची नाहीत, कितीही ॲप वापरलेत तरी नाही. शिवाय ब्रिटनमधे 1981 च्या वाईल्डलाईफ अँड कंट्रीसाईड ॲक्टप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं बेकायदा आहे. रोप किंवा बी विकतच घ्या.

आता आपल्याकडचा गोंधळ. आयुर्वेदात ज्याला तगर म्हणतात ते व्हॅलेरियनचंच भावंड आहे, व्हॅलेरियाना जटामांसी, हिमालयात साधारण 1500 ते 3000 मीटर उंचीवर वाढणारं, बुटकं, हृदयाच्या आकाराच्या पानांचं. पण महाराष्ट्रात अंगणात, देवळाच्या आवारात जे तगरीचं झुडूप असतं, पांढऱ्या चक्रीसारख्या फुलांचं, जी फुलं आपण देवाला वाहतो, ते टॅबरनेमोंटाना, फांदी मोडली की पांढरा चीक येतो. त्या दोघांचा काडीचाही संबंध नाही. त्यामुळे कुणी गावाकडे फोन करून "आई, आपल्या दारातल्या तगरीचं मूळ काढून वाळव" असं सांगणार असेल तर कृपया सांगू नका. आणि जटामांसी नावाने बाजारात मिळते ती आणखी तिसरी वनस्पती, नार्डोस्टॅकिस, 3000 मीटरच्या वरची, इतकी ओरबाडली गेलीये की आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साईट्स कराराचं नियंत्रण आहे. ती बागेत लावायच्या भानगडीत पडू नका.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक गोष्ट: तिकडे व्हॅलेरियनला गार्डन हेलिओट्रोप असंही म्हणतात आणि ते बियांनी पसरतं म्हणून कनेक्टिकट, विस्कॉन्सिन अशा राज्यांनी त्याला आक्रमक वनस्पतींच्या यादीत घातलंय. लावण्याआधी आपल्या राज्याची यादी एकदा बघून घ्या.

जागा आणि माती

ऊन हवं पण भाजणारं नको. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर उत्तम, इंग्लंडच्या उत्तरेला तर दिवसभर ऊन असलं तरी चालतं. खरी गरज पाण्याची आहे. माती ओलसर राहायला हवी, पण पाणी साचून चिखल होणार नाही इतका निचराही हवा. चिकणमाती असेल तर भरपूर कंपोस्ट मिसळून ती मोकळी करा, आणि हे काम नीटच करा, कारण दोन वर्षांनी हीच माती तुम्हाला मुळांच्या गुंत्यातून धुऊन काढायचीये, जितकी भुसभुशीत तितके तुमचे कष्ट वाचतील. चांगलं कुजलेलं खत घाला, ताजं नको. सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान असला की झालं, बागेची बहुतेक माती तिथेच कुठेतरी असते, त्यासाठी किट आणायलाच पाहिजे असं नाही.

जागा निवडताना मागची बाजू निवडा. झाड दीड मीटरपर्यंत जातं, कधी त्याहूनही वर, आणि पुढे लावलं तर मागच्या सगळ्यावर सावली पडते. जोराचा वारा लागत असेल तर काठीचा आधार द्यावा लागतो. दोन रोपांत 40 ते 45 सेंटिमीटर अंतर ठेवा.

बाल्कनीवाल्यांनो, कुंडीत जमतं. निदान 30 सेंटिमीटर खोल आणि तितकीच रुंद कुंडी घ्या, एका कुंडीत एकच रोप. मुळं जमिनीत मिळतात तेवढी मिळणार नाहीत, पण फुलं मिळतील आणि दोन-चार आठवड्यांच्या चहापुरती मुळं निघतील. उन्हाळ्यात कुंडी रोज बघायला लागते, एकदा का पूर्ण सुकली की पानं कडेने करपतात आणि झाड फुलायच्या मागे लागून दमून जातं.

बी की रोप

पहिल्यांदाच लावत असाल तर रोप घ्या, दोन किंवा तीन. माझा हा सल्ला सगळ्यांना असतो. कारण व्हॅलेरियनचं बी फार दिवस टिकत नाही, जुन्या पाकिटातलं अर्धंअधिक उगवतच नाही आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्या हाताला गुण नाही. एकदा झाड फुललं की ताजं बी तुमच्याच घरी तयार होतं, ते पेरा, भराभरा उगवतं.

तरीही बियांपासूनच करायचं असेल तर असं करा. मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमधे ट्रेमधे बी पेरायचं मिश्रण भरा, हलकं दाबा, पाणी देऊन ओलं करा आणि बी वर नुसतं पसरा. झाकायचं नाही. या बियाला रुजायला उजेड लागतो, वर मातीचा थर दिलात तर वाट बघत बसाल. हाताने हलकं दाबलं की पुरे. बी बारीक असतं आणि त्याला म्हातारीच्या कापसासारखी शेंडी असते म्हणून खिडकी उघडी ठेवून पेरू नका, उडून जातं. ट्रेवर पारदर्शक झाकण, खोलीचं तापमान 18 ते 20 अंश, पाणी खालून द्या किंवा फवाऱ्याने. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. चार पानं झाली की एकेक छोट्या कुंडीत हलवा आणि मे महिन्यात, हिमदंवाची भीती संपली की, आठवडाभर दिवसा बाहेर रात्री आत असं करून मग जमिनीत लावा.

जमिनीत गेल्यावर पहिले काही आठवडे दोन शत्रू. एक म्हणजे गोगलगाई, ओलसर जागा त्यांनाही आवडते, कोवळी रोपं एका रात्रीत साफ करतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन जाऊन वेचणं हा मला सगळ्यात खात्रीचा उपाय वाटतो, गोगलगाई मारायच्या निळ्या गोळ्या वापरू नका, मेटाल्डिहाईडच्या गोळ्यांवर ब्रिटनमधे बागेत वापरायला बंदीच आहे.

आणि दुसरा शत्रू मांजर. हे कुणीतरी वेळेत सांगायला हवं म्हणून जरा सविस्तर सांगते. व्हॅलेरियनच्या मुळांत ॲक्टिनिडिन नावाचं द्रव्य असतं, त्याच्या वासाने मांजरांना कॅटनिप या झाडाने चढते तशी धुंदी चढते. माणसाला जे शांत करतं असं म्हणतात त्याने मांजर उलट उधळतं, लोळतं, अंग घासतं, माती उकरतं. रोप लावताना मुळं थोडी दुखावतात, वास सुटतो, आणि गल्लीतली सगळी मांजरं हजर. म्हणून रोप लावलं की लगेच त्याच्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती जाळी वाकवून घुमटासारखी ठोका, कडेने दगड ठेवा. रोप 30 सेंटिमीटरचं झालं, पानांचा झुपका दाट झाला की जाळी काढली तरी चालते. घरात मांजर असेल तर मुळं काढायच्या आणि सुकवायच्या वेळीही हेच डोक्यात ठेवायचं.

पहिलं वर्ष, दुसरं वर्ष

पहिल्या वर्षी करायचं ते फारसं काही नाही. पाणी, तण काढणं, आणि बुंध्याभोवती कंपोस्टचा किंवा वाळक्या पानांचा थर. बियांपासून केलेलं झाड पहिल्या वर्षी बहुतेक वेळा पानांचा झुपकाच ठेवतं, विकतचं रोप कदाचित एखादा तुरा काढेल. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, घाबरू नका, बर्फाखालीही मूळ जिवंत असतं, फेब्रुवारी-मार्चमधे लालसर कोंब वर येतात. त्या वेळी एक पाटी कंपोस्ट टाका.

दुसऱ्या वर्षी एप्रिल-मेपासून दांडे सुसाट वर जातात, आणि इथे तुम्हाला ठरवावं लागतं की फुलं हवीत की मुळं. दोन्ही पूर्ण मिळत नाही. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात चेस्टरफील्डच्या आसपास, ॲशोव्हर, नॉर्थ विंगफील्ड अशा गावांत एके काळी व्हॅलेरियनची औषधासाठी शेती व्हायची आणि तिथले शेतकरी दांडे वर आले की शेंडे छाटून टाकायचे, म्हणजे झाडाची ताकद फुला-बियात न जाता खाली मुळात उतरते. तीच पद्धत आजही बरोबर आहे. मी सांगेन की तीन रोपं असतील तर दोनाचे शेंडे कळ्या दिसताक्षणी कापा आणि एकाला मनसोक्त फुलू द्या, कारण ती फुलं न बघणं म्हणजे अर्धं सुख घालवणं आहे. होव्हरफ्लाय, मधमाश्या, फुलपाखरं यांची नुसती गर्दी असते. फुललेल्या झाडाचे तुरे मात्र बी पिकायच्या आधी कापा, एखादाच बियाण्यासाठी ठेवा आणि त्याच्यावर कागदी पिशवी बांधा, नाहीतर पुढच्या वसंतात शेजाऱ्याच्या प्लॉटमधेसुद्धा व्हॅलेरियन उगवलेलं असेल.

त्या फुलांचा आणखी एक उपयोग बायोडायनॅमिक शेतीवाले करतात. या शेतीपद्धतीचा जनक रुडॉल्फ स्टायनर याने 1924 साली जी व्याख्यानं दिली त्यातून आलेल्या कंपोस्टच्या मिश्रणांपैकी 507 नंबरचं मिश्रण म्हणजे व्हॅलेरियनच्या फुलांचा रस, पाण्यात अगदी थोडा मिसळून कंपोस्टच्या ढिगावर शिंपडतात. भारतातही बायोडायनॅमिक शेती करणारे लोक हे वापरतात, तुम्ही त्या वाटेचे असाल तर फुलं वाया जाणार नाहीत.

रोगराई फारशी नाही. कोरड्या उन्हाळ्यात पानांवर भुरी येते, मावा येतो. भुरीची पानं काढा, पाणी वाढवा, माव्यावर पाण्याचा फवारा मारा, संपलं.

मुळं काढणं

दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर संपत आला, पानं पिवळी पडायला लागली की वेळ झाली. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी माती ओलसर पण चिकट नसते तेव्हा निघा. दांडे जमिनीलगत कापा, मग गार्डन फोर्क बुंध्यापासून 25-30 सेंटिमीटर लांब घालून चहूबाजूंनी सैल करा आणि सगळा गड्डा एकत्र उचला. फावडं वापरू नका, मुळं तुटतात. मुळं फार खोल नसतात, पण आडवी पसरतात, मधे बोटाएवढा छोटा कंद आणि त्याला चारी बाजूंनी शेकडो फिकट तपकिरी तंतू.

गड्डा झटकून माती पाडा, मग वरचे कोंब असलेले दोन-तीन तुकडे थोड्या मुळांसकट वेगळे काढा आणि लगेच दुसऱ्या जागी लावून टाका, पाणी द्या. पुढच्या पिकाची सोय झाली, परत बी नको नि रोप नको. त्याच वाफ्यात पुन्हा लावू नका, जागा बदला.

आता धुणं, जे खरंच वेळखाऊ आहे. आधी बादलीत तासभर भिजवा, मग गड्डा चाकूने चार भागात उभा चिरा, मग पाइपच्या धारेखाली एकेक भाग बोटांनी विंचरत धुवा. गड्डा अख्खा ठेवून धुवायला गेलात तर मधली माती कधीच निघत नाही आणि मग ती चहात येते. गरम पाणी वापरू नका, भिजत फार वेळ ठेवू नका. धुतल्यावर जाड कंद पातळ चकत्यांत कापा, तंतू दोन-तीन सेंटिमीटरचे करा आणि टॉवेलवर टिपून घ्या.

सुकवणं, आणि तो वास

ताज्या मुळाचा वास मातकट, थोडा उग्र, सहन होण्यासारखा असतो. सुकायला लागलं की मुळातल्या द्रव्यांचं विघटन होऊन आयसोव्हॅलेरिक ॲसिड सुटतं आणि मग जुलै महिन्यात ओले मोजे दप्तरात तीन दिवस राहिल्यावर येतो तसा वास घरभर फिरतो. काही बिघडलेलं नाही, मूळ सडलेलंही नाही, व्हॅलेरियन असंच वास मारतं. काळी बुरशी किंवा पांढरी लव दिसली तर मात्र फेकायचं.

म्हणून सुकवायची जागा घराबाहेर बघा, शेड, गॅरेज, हवा खेळती असलेलं कुठलंही कोरडं ठिकाण, दार मांजराला बंद. जाळीच्या ट्रेवर एकच थर पसरा, थेट उन्हात नको, रोज हलवा. इंग्लंडच्या ऑक्टोबरात नुसत्या हवेवर पूर्ण सुकणं कठीण असतं, शेवटी डिहायड्रेटरमधे 35 ते 40 अंशांवर ठेवून संपवा, त्याच्या वर नेऊ नका कारण सुगंधी तेल आणि व्हॅलेपोट्रिएट्स नावाची नाजूक द्रव्यं उष्णतेने जातात. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरायचा विचार करत असाल तर घरातल्या बाकीच्यांना आधी विचारा. तंतू वाकवल्यावर कटकन तुटला पाहिजे, नुसता वाकला तर अजून ओल आहे. वजन ताज्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढं उरतं.

काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, मसाल्यांपासून आणि चहापत्तीपासून लांब ठेवा. बरणीवर तारीख घाला. वर्षभरात वापरा. पूड करून ठेवू नका, लागेल तेव्हा कुटा, पुडीचा कस लवकर जातो.

लोक हे कशासाठी वापरत आले

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन झोप न येणाऱ्यांना व्हॅलेरियन द्यायचा, म्हणजे झोपेशी याचं नातं खूप जुनं. पुढे युरोपभर पोटातल्या कळा, धडधड, जीव घाबरा होणं, बायकांचे पाळीच्या वेळचे त्रास अशा सगळ्यासाठी हे मूळ दिलं जात राहिलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत इंग्लंडमधे मन शांत राहायला लोक व्हॅलेरियन घ्यायचे. जर्मनीत ते हॉप्स (बिअरमधे घालतात ती फुलं) आणि लेमन बाम (लिंबाच्या वासाची, पुदिन्याच्या कुळातली वनस्पती) यांच्याबरोबर मिसळून देतात, ती जोडी आजही तिथल्या चहाच्या पुड्यांत दिसते. आयुर्वेदात हिमालयातलं तगर याच्या जवळपासच्या कामांसाठी आहे.

आता विज्ञान काय म्हणतं ते सरळ सांगते कारण इंटरनेटवर दोन्ही टोकांचं लिहिलेलं असतं. मुळातलं व्हॅलेरेनिक ॲसिड मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर (मेंदूला शांत करणारा संदेश घेणाऱ्या जागेवर) काम करतं हे प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरच्या अभ्यासांचं चित्र इतकं स्पष्ट नाही. 2006 साली 16 चाचण्या आणि 1093 लोकांचा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा झोपेची प्रत सुधारत असावी असं दिसलं, पण चाचण्यांचा दर्जा कमी होता असंही त्याच अभ्यासकांनी लिहिलं. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी सौम्य ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी अल्कोहोलने काढलेल्या सुक्या अर्काचा वापर मान्य करते आणि चहासारख्या बाकी रूपांना पारंपरिक वापर म्हणून जागा देते. याउलट अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2017 मधे निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असं सुचवलं. माझं मत असं की थोडी अस्वस्थता, प्रवासानंतर किंवा कामाच्या ताणाने उडालेली झोप अशा साध्या गोष्टीत कपभर चहा करून बघायला हरकत नाही, पण महिनोन्महिने झोप नसेल तर ते चहाचं काम नाही, डॉक्टरकडे जा. आणि हो, व्हॅलियम ही गोळी व्हॅलेरियनपासून बनत नाही, तो पूर्ण वेगळा, कारखान्यात तयार केलेला पदार्थ आहे, नाव ऐकून बरेच जण फसतात.

चहा कसा करायचा

किचनच्या बारीक काट्यावर 2 ग्रॅम सुकं मूळ मोजा, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका कारण तंतू हलके आणि कंद जड. 3 ग्रॅमच्या वर एका कपात नको. जाडसर कुटा, त्यावर उकळलेलं 150 मिली पाणी ओता, झाकण ठेवा, 10 ते 15 मिनिटं, गाळा. चहासारखं गॅसवर खळखळ उकळत ठेवू नका. दुसरी जुनी पद्धत म्हणजे तेवढंच मूळ थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळणं, वास थोडा कमी येतो. चव कडवट आणि मातकट, पुदिना किंवा लेमन बामची पानं घातली की बरीच सुसह्य होते, मध चालतो. झोपायच्या अर्धा ते एक तास आधी प्यायचं.

पहिल्या रात्री काही झालं नाही म्हणून दुसऱ्या रात्री दुप्पट करू नका. याचा परिणाम हळूहळू येतो, दोन ते चार आठवडे रोज घेतल्यावर. दोन आठवडे घेऊनही त्रास तसाच असेल किंवा वाढला असेल तर डॉक्टरांना विचारा. काही जणांना उलट जास्त तरतरी येते, चित्रविचित्र ठसठशीत स्वप्नं पडतात, डोकं दुखतं, पोट बिघडतं, तसं झालं तर बंद करा, तुमच्यासाठी नाही ते. सकाळी जडपणा वाटत असेल तर गाडी चालवू नका.

घरचं टिंक्चर म्हणजे व्होडकात मुरवलेलं मूळ, त्याची मला नवीन माणसाला शिफारस करायची नाही. थेंबात किती उतरलंय हे घरी कळत नाही, तेच थेंब प्रमाण छापलेल्या बाटलीत फार्मसीत मिळतात. आंघोळीच्या टबात घालायची पद्धतही युरोपात जुनी आहे, साधारण 100 ग्रॅम मुळाचा काढा एका टबाला, पण दोन झाडांचं पीक एका संध्याकाळी संपतं म्हणून मी ती कुणाला फारशी सुचवत नाही.

कुणी घेऊ नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, 12 वर्षांखालची मुलं, लिव्हरचा त्रास असलेले लोक यांनी नाही. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या चिंतेच्या गोळ्या, गुंगी आणणारी कुठलीही औषधं, आणि दारू, यांच्याबरोबर नाही, गुंगी एकावर एक चढते. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा. 'हर्बल आहे, त्याने काय होतंय' हे वाक्य आपल्याकडे फार चालतं, ते इथे चालवू नका.

आणि भारतातून येणारे फोन

हे झाड लावलं की नातेवाइकांकडून दोन प्रश्न येतातच. पहिला, पुण्यात, नागपुरात होईल का. थंडीत रोप धरेल, पण एप्रिल-मेच्या उन्हात टिकवणं फार कठीण, त्याला हवा असतो थंड उन्हाळा आणि गोठणारा हिवाळा, त्यामुळे मैदानी भागातल्या लोकांना मी सरळ नको म्हणते. त्यांना झोपेसाठी काही हवं असेल तर ओळखीच्या वैद्यांकडे जाऊन तगर त्यांच्या सल्ल्याने घ्यावं.

दुसरा प्रश्न, येताना थोडी मुळं आणशील का. बी, रोप, मुळं भारतात नेताना प्लांट क्वारंटाईनचे नियम लागतात, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडावर कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) लागतं, बॅगेत गुपचूप घालून नेऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं, आई-बाबा, सासूबाई-सासरे या वयात बहुतेक सगळे बीपीच्या, साखरेच्या, कधी झोपेच्याही गोळ्यांवर असतात. कुणी मागितलंच तर आधी त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो मागवा, त्यात झोपेची किंवा चिंतेची गोळी दिसली तर तिथेच नाही म्हणा, आणि नसली तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ देऊ नका.